काडतुसांचा दुष्काळ

श्रोतेहो, माझ्या लहानपणी आमच्या गावच्या रेशन दुकानापुढे रॉकेलची रांग लागे. रॉकेल दर महिन्याला ठरल्याप्रमाणे येई आणि बहुतेकांना ते पुरेही. पण एखाद्या महिन्यात गाडी दोन दिवस उशिरा आली, की गावात कुजबूज सुरू होई. "या खेपेला रॉकेल नाही म्हणतात!" मग काय, ज्याच्या घरी एक डबा लागे तो दोन डबे घेऊन येई, धाकट्या पोराला तिसरा डबा देऊन रांगेत उभा करी. गाडी आली, की रॉकेल नेहमीइतकेच असे, पण अर्ध्या गावाला ते मिळत नसे. शेवटच्या आळीतल्या एका म्हातारीला मी रिकामा डबा हलवीत परत जाताना पाहिले आहे. तिला एकाच चिमणीपुरते रॉकेल हवे होते.

ही आठवण सांगायचे कारण असे, की आज मी ज्या टंचाईचा इतिहास सांगणार आहे, ती आपल्या गावापासून हजारो मैल दूरची आहे. अमेरिकेत बंदुकीच्या काडतुसांची टंचाई गेल्या काही वर्षांत अनेकदा पडली. तिथे बंदूक ही पुष्कळ लोकांच्या घरातली वस्तू आहे. कोणी हरणाची शिकार करतो, कोणी रविवारी सकाळी चांदमारीच्या मैदानावर जाऊन पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर नेम धरतो, कोणी आपल्या मुलाला नेमबाजी शिकवतो. सन २०१३ मध्ये अशा लोकांनी दुकान उघडण्यापूर्वी पहाटे रांगा लावल्या, आणि तेही पन्नास काडतुसांच्या एका डबीसाठी! जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, जिथे कशालाच तोटा नाही असे आपण समजतो, तिथे हे कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला जवळजवळ अडीचशे वर्षे मागे जावे लागेल, आणि गंमत अशी की वाटेत आपला बिहार लागेल.

अमेरिकेच्या तेरा वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या, त्या काळची ही गोष्ट. त्या वेळच्या बंदुकीत काळी दारू ठासावी लागे. या दारूत साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. कोळसा कुठेही करता येतो, गंधकही मिळवता येते. अडते ते सोऱ्यापाशी. इंग्लंडला लागणारा सोरा मुख्यतः आपल्याकडून, पाटण्याच्या आसपासच्या मुलुखातून जाई. पावसाळा सरला, की जुन्या भिंतींच्या कडेला आणि गुरांच्या गोठ्यांत मातीवर पांढरी खार फुटते. नोनिया नावाच्या जातीचे लोक ती माती खरवडून घेत, पाण्यात भिजवून तिचे पाणी गाळीत, आटवीत आणि त्यातून सोऱ्याचे खडे काढीत. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने या व्यापाराचा मक्ता पदरात पाडून घेतला. म्हणजे ज्याच्या हाती पाटण्याचा सोरा, त्याच्या बंदुका भरलेल्या, अशी स्थिती झाली.

इंग्लंडच्या राजाला हे पक्के ठाऊक होते. वसाहतींत असंतोष वाढलेला पाहून त्याने ऑक्टोबर १७७४ मध्ये हुकूम काढला, की अमेरिकेकडे शस्त्रे व दारू पाठवू नये. दुसऱ्या वर्षी युद्ध पेटले. जॉर्ज वॉशिंग्टनने सेनापतिपद हाती घेऊन बोस्टन शहराला वेढा चालू ठेवला होता. ऑगस्टमध्ये दारूचा नीट हिशेब झाला, तेव्हा शेकडो पिंपे आहेत असे वाटत होते तिथे केवळ छत्तीसच्या आसपास पिंपे निघाली. माणशी नऊ-दहा फैरींपुरती दारू! ही बातमी ऐकून वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्द बोलला नाही, असे त्याच्या एका सरदाराने सांगून ठेवले आहे. तिथल्या काँग्रेसने घरोघरी सोरा तयार करण्याची कृती छापून वाटली, तबेल्यांची आणि तंबाखूच्या कोठारांची जमीन खणायला लोकांना सांगितले. तरी निभावले ते मुख्यतः परदेशातून, विशेषतः फ्रान्सहून चोरून आणलेल्या दारूवर.

ही झाली टंचाईची पहिली तऱ्हा. तिला मी मालाची टंचाई म्हणतो. माल खरोखरीच नसतो. तो दूर कुठेतरी असतो आणि वाट कोणीतरी अडवलेली असते.

आता फ्रान्सकडे वळू. बंगाल-बिहार इंग्रजांच्या हाती गेल्यामुळे फ्रेंचांनाही सोऱ्याची चणचण भासू लागली होती. १७७५ मध्ये तिथल्या सरकारने दारूखान्यांच्या कारभारावर लाव्हॉझिए या शास्त्रज्ञाची नेमणूक केली. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजनांना हे नाव नवे नाही. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून आपण त्याचा धडा शिकवतो. त्याने देशातच सोरा काढण्याच्या पद्धती सुधारल्या आणि फ्रेंच दारू युरोपात उत्तम ठरली. त्याच्या हाताखाली एक तरुण उमेदवारी करीत होता. त्याचे नाव इरेने द्यूपाँ. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, लाव्हॉझिएचा शिरच्छेद झाला आणि काही वर्षांनी द्यूपाँ कुटुंब देश सोडून अमेरिकेला गेले.

तिथे गेल्यावर घडलेली एक हकीकत सांगतात. द्यूपाँ एका फ्रेंच कर्नलबरोबर शिकारीला गेला. दिवस चांगला होता, पाखरे भरपूर होती, पण जवळची दारू संपली. वाटेतल्या एका दुकानातून त्यांनी अमेरिकन दारू विकत घेतली. ती इतकी हलकी निघाली, की बार धड उडेना, आणि किंमत मात्र भारी! लाव्हॉझिएच्या शिष्याने तिथल्या तिथे ओळखले, की या देशात चांगल्या दारूचा कारखाना काढला तर तो चालेल. १८०२ मध्ये डेलावेअर प्रांतात ब्रँडीवाइन नावाच्या ओढ्याकाठी त्याने कारखाना उभारला. पुढे रसायनांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड कंपनीचा उगम हा असा एका शिकाऱ्याच्या हिरमोडात आहे. म्हणजे हौशी शिकाऱ्याची महागाईबद्दलची तक्रार आजची नाही, दोनशे वर्षांची जुनी आहे!

कारखाना अमेरिकेत निघाला खरा, पण सोरा पुन्हा हिंदुस्थानचाच. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. सरकारच्या सांगण्यावरून द्यूपाँ घराण्यातला लॅमोट नावाचा तरुण गुपचूप इंग्लंडला गेला आणि बाजारात मिळेल तेवढा हिंदी सोरा त्याने विकत घेतला. तो जहाजांवर चढत असतानाच एका इंग्लिश टपालबोटीवरून दोन राष्ट्रांत वाद पेटला आणि इंग्लंडने सोऱ्याची निर्यात बंद केली. पुढे वाद मिटला तेव्हा कुठे माल सुटला. पाटण्याच्या गोठ्यातली माती, लंडनचा बाजार आणि अमेरिकेतली रणभूमी यांची अशी साखळी होती. तिची एक कडी अडली, की शेवटच्या टोकाला बंदूक मुकी होई.

याच सुमारास बंदुकीच्या रूपात मोठा पालट झाला. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी टोपी हे तिन्ही एकाच धातूच्या नळकांड्यात बसवून तयार काडतूस बनू लागले. १८५७ मध्ये एक अगदी चिमुकले काडतूस निघाले. त्याच्या बुडाच्या कडेतच स्फोटक मसाला भरलेला असे, तिथे घाव बसला की बार उडे. १८८७ मध्ये त्याचीच सुधारून लांब केलेली आवृत्ती निघाली. तिला 'पॉइंट टू टू लाँग रायफल' म्हणतात. गोळीची जाडी सुमारे साडेपाच मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅमच्या थोडे वर. आवाज थोडा, धक्का त्याहून थोडा आणि किंमत तर नाममात्र. आजही जगात नेमबाजी शिकणारी असंख्य मुले पहिला बार याच काडतुसाचा काढतात.

आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलची जी स्पर्धा होते, ती याच काडतुसाने खेळतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या त्या याच रायफलीवर, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले तेही याच काडतुसाच्या बळावर. पदक एका दिवसात मिळते, पण त्यामागे वर्षानुवर्षे रोज उडवलेली काडतुसे असतात. काडतूस महागले, की सराव तुटतो, आणि सराव तुटतो तो आधी गरिबाघरच्या मुलाचा. तेव्हा हा केवळ शौकिनांचा प्रश्न आहे असे समजू नका.

असो. पुन्हा अमेरिकेत जाऊ. तिथे १९३७ साली एक कायदा झाला, तो विचार करण्याजोगा आहे. जंगले आणि वन्यप्राणी झपाट्याने कमी होत होते. तेव्हा शिकारीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर कारखान्यातच बसणाऱ्या कराचा पैसा प्रांतांना वन्यजीवांच्या रक्षणासाठी द्यायचा असे ठरले. तो कर आजही चालू आहे. म्हणजे चांदमारी करणाऱ्याने उडवलेल्या प्रत्येक काडतुसातला वाटा रानातल्या हरणाला मिळतो.

पाच वर्षांनी, १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात अमेरिका पूर्णपणे गुंतली आणि पितळ, तांबे, शिसे सारे लष्कराकडे वळले. खासगी शिकारीसाठी काडतुसे बनवणे जवळजवळ थांबलेच. शेतकऱ्यांना आणि पशुपालकांना पिकाची व जनावरांची राखण करण्यापुरती मोजकी काडतुसे मिळत. तांब्याची ओढ इतकी होती, की १९४३ मध्ये त्यांचे एक सेंटचे नाणे तांब्याऐवजी पोलादाचे पाडले गेले. पुढच्या वर्षीपासून ते पुन्हा तांब्याच्या मिश्रणाचे झाले, आणि त्यात लष्कराने उडवून झालेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांचे पितळ वितळवून घातले होते. म्हणजे १९४४ साली अमेरिकन पोराच्या खिशातला पैसा हा आदल्या साली कुठेतरी उडालेले काडतूस होता!

त्या टंचाईत लोकांनी फारशी कुरकुर केली नाही. कारण सर्वांना दिसत होते, की माल कुठे चालला आहे. शेजाऱ्याचा मुलगा आघाडीवर होता. टंचाईचे कारण डोळ्यांसमोर असले, की माणूस ती सोसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची टंचाई अगदी वेगळी आहे.

२००८ च्या नोव्हेंबरात बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आले. नवे सरकार बंदुकांवर निर्बंध घालील या समजुतीने लोक दुकानांकडे धावले. ही पहिली लाट. दुसरी त्याहून मोठी होती. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट प्रांतातल्या न्यूटाउन गावी एका माथेफिरू तरुणाने प्राथमिक शाळेत शिरून वीस मुलांना आणि सहा मोठ्या माणसांना गोळ्या घातल्या. सारा देश हादरला. कडक कायद्याची मागणी झाली, आणि कायदा येण्याआधी खरेदी करून ठेवू म्हणून दुकानांत झुंबड उडाली. कायद्याचा मुख्य प्रस्ताव १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये पुरेशी मते न मिळाल्याने पडला. कायदा झालाच नाही, पण दुकाने मात्र रिकामी झाली!

आणि काय गंमत पाहा, सर्वांत जास्त तुटवडा पडला तो त्या चिमुकल्या 'टू टू' काडतुसाचा. त्यावर बंदी घालण्याची गोष्टही कोणी काढली नव्हती. पाचशे काडतुसांच्या पुड्याला तिकडे 'वीट' म्हणतात. ही वीट पूर्वी वीस डॉलरच्या आसपास मिळे. ती आता पन्नास डॉलरला आणि त्याहूनही जास्त भावाने हातोहात विकली जाऊ लागली. काही माणसे रोज सकाळी दुकानात येऊन सारा माल उचलीत आणि संध्याकाळी दुप्पट भावाने विकीत. दुकानदारांनी माणशी एक-दोन डब्यांची मर्यादा घातली. अफवा उठली, की सरकारच सारी काडतुसे विकत घेऊन बाजार मुद्दाम कोरडा करीत आहे. सरकारी हिशेब तपासनीसांनी चौकशी केली. २०१४ च्या जानेवारीत त्यांचा अहवाल आला. गृहसुरक्षा खात्याची खरेदी उलट आधीच्या वर्षांपेक्षा उतरलेली होती! पण अफवेच्या मागे अहवाल धावतो तेव्हा अफवा गाव ओलांडून गेलेली असते.

मग माल गेला कुठे? शाळेतल्या गुरुजींनी फळ्यावर मांडावे असे एक गणित सांगतो. समजा, एका दुकानात महिन्याला शंभर डब्या येतात आणि शंभर गिऱ्हाइके प्रत्येकी एक डबी घेतात. सारे सुरळीत आहे. एका महिन्यात कोणीतरी भीती घातली आणि प्रत्येक जण तीन डब्या मागू लागला. पहिले तेहेतीस लोक तीन-तीन घेऊन गेले, चौतिसाव्याला एक मिळाली, सहासष्ट लोक रिकाम्या हाताने परतले. आता या सहासष्टांना भीती खरी वाटणार की नाही? पुढच्या महिन्यात ते तीन नव्हे, पाच मागतील. कारखान्याने एकही डबी कमी पाठवलेली नाही, तरी दुकान कायमचे रिकामे! माल कुठे गेला नाही, तो घराघरांतल्या कपाटांत जाऊन बसला.

आता हेच गणित देशाएवढे मोठे करा. समजा, दोन कोटी नेमबाजांनी प्रत्येकी एकच वीट जास्त ठेवायचे ठरवले. दोन कोटी गुणिले पाचशे, म्हणजे एक हजार कोटी काडतुसे झाली. अमेरिकेत सगळ्या जातींची मिळून वर्षभरात साधारण आठशे ते हजार कोटी काडतुसे होतात असा त्या धंद्याचा अंदाज सांगितला जाई. म्हणजे प्रत्येकाने फक्त एक वीट जास्त घेतली, तर साऱ्या देशाचे वर्षाचे उत्पन्न त्यातच गडप! यात लुच्चा कोणी नाही. प्रत्येक जण आपल्या घरापुरते शहाणपण करतो आहे, आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज मात्र वेडेपणात होते आहे.

ही टंचाईची दुसरी तऱ्हा. तिला मी मनाची टंचाई म्हणतो.

तिसरी लाट सर्वांना आठवते त्या २०२० सालची. मार्चमध्ये करोनाची साथ पसरली, उन्हाळ्यात शहराशहरांत दंगे झाले, नोव्हेंबरात निवडणूक होती. बंदूक विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची जी सरकारी तपासणी होते, तिची संख्या २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख होती, ती २०२० मध्ये सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेली. एक तपासणी म्हणजे एक विक्री असे नेहमी नसते, पण ओढ किती होती हे यावरून समजते. आयुष्यात प्रथमच बंदूक घेणारे ऐंशी लाखांहून अधिक असावेत, असा धंद्यातल्या लोकांचा अंदाज होता. या प्रत्येकाने चार-दोन डब्या घेतल्या तरी केवढा आकडा झाला! पिस्तुलाच्या नऊ मिलिमीटर काडतुसांची पन्नासची डबी आधी दहा डॉलरच्या आसपास होती, ती तीस-चाळीस डॉलरला गेली. जे लोक घरीच जुनी पुंगळी भरून काडतूस करतात, त्यांना टोप्या मिळेनात. आणि 'टू टू'चे काडतूस तर घरी पुन्हा भरताच येत नाही. एका मोठ्या कारखान्याच्या प्रमुखाला जाहीरपणे सांगावे लागले, की आम्ही माल दडवलेला नाही, रात्रंदिवस यंत्रे चालू आहेत आणि एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या हातात पडून आहेत.

इथे कोणी म्हणेल, एवढी मागणी आहे तर आणखी कारखाने का काढले नाहीत? आपला कांदा उत्पादक शेतकरी या प्रश्नाचे उत्तर झोपेतसुद्धा देईल! भाव चढला म्हणून सर्वांनी कांदा लावावा आणि काढणीच्या वेळी भाव कोसळावा, हा अनुभव आपल्याला नवा नाही. काडतुसांच्या कारखानदारांनाही तो आलेला होता. २०१६ च्या निवडणुकीनंतर बंदुकांवर निर्बंध येण्याची भीती ओसरली आणि लोक कपाटातला साठा वापरीत बसले. मागणी एकदम घसरली. रेमिंग्टन ही १८१६ पासूनची जुनी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली आणि २०२० च्या जुलैमध्ये, म्हणजे ऐन मागणीच्या वेळी, पुन्हा गेली. तिचा आर्कान्सॉतला काडतुसांचा कारखाना दुसऱ्या कंपनीने विकत घेतला आणि पुन्हा पूर्ण जोमाने चालवायला घेतला. अशा धंद्यात नवी यंत्रे घालायला कोणाची छाती होणार? भीतीने आलेली मागणी भीतीबरोबर निघून जाते, आणि यंत्राच्या कर्जाचे हप्ते मात्र मागे उरतात.

या दोन तऱ्हा नेहमी वेगळ्याच राहतात असे नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि मालाची टंचाई पुन्हा दारात आली. आजची दारू सोऱ्याची नसते. ती सरकीवरच्या आखूड तंतूंवर नत्राम्लाची प्रक्रिया करून बनते. होय, आपल्या विदर्भ-मराठवाड्यात सरकीला चिकटून राहते तीच लव! या तंतूंसाठी युरोपातले कारखाने बऱ्याच अंशी चीनवर अवलंबून आहेत, आणि तोफांच्या दारूची मागणी वाढली, की चांदमारीच्या दारूला कच्चा माल कमी पडतो. शिसे कठीण करण्यासाठी आणि टोपीतल्या मसाल्यासाठी अँटिमनी नावाचा पदार्थ लागतो. चीनने २०२४ च्या सप्टेंबरपासून त्याच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि डिसेंबरात अमेरिकेला तो पाठवण्यावर बंदी घातली. १७७४ साली इंग्लंडच्या राजाने जे केले, तेच अडीचशे वर्षांनी दुसऱ्या नावाने घडले. त्या वेळी सोरा, या वेळी अँटिमनी. साखळी तीच, कडी निराळी.

आता आपल्या देशाकडे पाहू. आपल्याकडे शस्त्राचा परवाना लागतो आणि किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा परवान्याने बांधलेली असते. पिकाच्या राखणीसाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याला हे चांगले ठाऊक आहे. त्यामुळे घरात हजारो काडतुसे भरून ठेवण्याचा प्रकार आपल्याकडे सामान्य माणसाला शक्य नाही. आपली अडचण दुसरी आहे. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, देशात इतरही आहेत, पण त्यांचे पहिले काम लष्कराचे. जागतिक स्पर्धेत लागणारे अचूक काडतूस आपले नेमबाज मोठ्या प्रमाणावर परदेशाहून आणतात. तिकडे भाव चढला, की इकडे कोल्हापूर-पुण्याच्या चांदमारीवर त्याची झळ पोचते. आपल्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि तिचे संस्थापक होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाने आजही नेमबाजीच्या स्पर्धा होतात. नेमबाजी हा संस्थानिकांचा शौक न राहता सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत ती यावी, ही वाट तिथून सुरू झाली. ती वाट काडतुसाच्या किमतीपाशी अडता कामा नये.

श्रोतेहो, बंदूक लोकांच्या घरी किती असावी, हा अमेरिकेतला वाद मोठा आहे आणि तो त्यांचा त्यांनी सोडवायचा आहे. न्यूटाउनच्या त्या वीस मुलांची आठवण झाली, की तो वाद किती जिव्हाळ्याचा आहे हे कळते. मी आज इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच सांगतो, की टंचाई पडली की आधी ती कोणत्या तऱ्हेची आहे ते ओळखावे. मालाची असेल, तर उपाय लाव्हॉझिएचा. दुसरा मार्ग शोधावा, आपल्याच मातीतून काय निघते ते पाहावे. मनाची असेल, तर कोणताही शास्त्रज्ञ उपयोगी पडणार नाही. तिथे खरी माहिती वेळेवर सांगणारा माणूस लागतो, माणशी मर्यादा घालणारा सरळ दुकानदार लागतो, आणि 'मला आज एकच पुरे' असे म्हणणारे शेजारी लागतात.

२०१६ च्या नोव्हेंबरात उत्तर हिंदुस्थानात मीठ संपल्याची हूल उठली आणि लोकांनी अवाच्या सवा भावाने मीठ नेले, हे तुम्हाला आठवत असेल. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात मिठाची टंचाई! आपल्या तालुक्यातही युरियाची गाडी उशिरा आली, की काय होते ते मी सांगायला नको. तेव्हा पुढच्या वेळी अशी कुजबूज कानी आली, तर शाळेतल्या गुरुजींनी ते शंभर डब्यांचे गणित फळ्यावर मांडावे आणि पोरांनी ते घरी जाऊन वडिलांना सांगावे. आणि रांगेत उभे राहताना आपल्या हातात किती डबे आहेत हे प्रत्येकाने एकदा मोजावे. रांगेच्या शेवटी एक डबा घेऊन कोणीतरी म्हातारी उभी असते. तिच्या घरी रात्री दिवा लागतो की नाही, हे पुष्कळदा आपल्या हातातल्या दुसऱ्या डब्यावर ठरते.